म्हणे, आम्ही कुली!

परवा शुक्रवारी टीम लंचला गेलो होतो. रिलीज नुकतंच झालेलं, त्याआधीचे तीन शनिवार-रविवार ऑफिसात गेलेले, त्यामुळे सगळेच वैतागलेले. बिर्याणी येईपर्यंत नेहमीचं दळण सुरू झालं. अप्रेझल, ऑनसाइट कोणाला मिळालं, कोणाचा व्हिसा अडकला वगैरे वगैरे. आणि मग एकाने ते वाक्य टाकलं: "आपण काय रे, सायबर कुली. आधुनिक गिरमिटिये. त्यांना जहाजात कोंबून नेलं, आपल्याला विमानात कोंबतात, एवढाच काय तो फरक!"

सगळे हसले. मीही हसलो. हसणारच, कारण ते वाक्य मूळचं माझंच आहे. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या ग्रुपवर मीच लिहिलं होतं आणि पंचवीसेक जणांनी अंगठे वर केले होते. फिरत फिरत ते माझ्याच ताटात परत आलं.

त्याच रात्री आईचा फोन आला, किनवटहून. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "तुझा तो तांड्यावरचा दोस्त गेला बरं उसाला. बायको, पोरी, सगळ्यांले घेऊन. थोरली सहावीत व्हती."

म्हटलं, एवढ्यात? अजून दिवाळीचा फराळ संपला नाही.

"काहून? उचल घेतली व्हती ना त्यानं पोळ्यालाच. मुकादम काय थांबते का?"

फोन ठेवला आणि ते जहाजाचं वाक्य घशात अडकलं. मग शनिवार-रविवार त्या जहाजांबद्दल वाचत बसलो. हा लेख म्हणजे त्या दोन दिवसांचा परिणाम. जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या. चिडलोय तो मुख्यतः स्वतःवरच.

तर आधी ते जहाज काय होतं ते बघू.

गिरमिट म्हणजे आपल्याकडे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. हे गिरमिट वेगळं. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचा मजुरांच्या तोंडी झालेला अवतार म्हणजे गिरमिट, आणि त्यावर अंगठा उठवणारा तो गिरमिटिया. १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा लागू झाला. गुलाम संपले, पण ऊस संपला नव्हता! मॉरिशसच्या मळेवाल्यांना माणसं हवी होती. १० सप्टेंबर १८३४ ला कलकत्त्यात ३६ मजुरांच्या नावाने एक करार झाला. पाच वर्षं काम, पुरुषाला महिना पाच रुपये, अन्न-कपडा वेगळा. परतीच्या प्रवासखर्चासाठी दर महिन्याला एक रुपया कापून ठेवायचा. आणि सहा महिन्यांचा पगार आगाऊ. 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजाने ही माणसं २ नोव्हेंबर १८३४ ला पोर्ट लुईला उतरली. मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबरला आजही सुट्टी असते.

तो आगाऊ पगार लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्यानंतर १९१०पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं एकट्या मॉरिशसला गेली. त्रिनिदाद, डेमेरारा, सुरीनाम, नाताळ, फिजी धरून सगळा आकडा बारा लाखांच्या वर जातो. मॉरिशसची जहाजं मुख्यतः कलकत्ता आणि मद्रासहून सुटत, पण थोडी मुंबईहूनही सुटत होती. त्यातून कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं गेली. मुंबईहून प्रवास साधारण महिना-दीड महिन्याचा, कलकत्त्याहून दोन महिने किंवा जास्त. तेही वारा असेल तर, कारण बरीचशी जहाजं शिडाची.

आता मुद्द्याची गोष्ट: जागा. सरकारी नियम होता माणशी बारा चौरस फूट. आपण इंजिनिअर लोक, आकडा दिसला की मोजून बघतो. रविवारी हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवला आणि फरशीवर खडूने सहा फूट बाय दोन फूट आखलं. (बायको: "हे काय नवीन?") त्यात आडवा झालो. खांदे कसेबसे मावतात. कूस बदलायची तर शेजाऱ्याच्या अंगावर. वरची उंचीही नियमात होती, माणशी बहात्तर घनफूट, म्हणजे बारा गुणिले सहा. डोक्यावर सहा फुटांवर लाकडी तक्तपोशी, आणि तिच्यावर दुसऱ्यांची वर्दळ. खिडकी नाही. उजेड आणि हवा येणार ती डेकवरच्या झाकणातून. वादळ आलं की झाकण बंद. मग अंधारात ओकारी, लघवी, ओल्या घोंगड्या आणि शेकडो माणसं. मी पंधरा मिनिटांत उठलो. ते दोन महिन्यांनी उठले. काही उठलेच नाहीत.

आणि हो, मूल म्हणजे नियमाने अर्धा माणूस. त्याला सहा चौरस फूट. हेही लक्षात ठेवा.

दिवस कसा जायचा? एकटे पुरुष पुढच्या भागात, जोडपी मधे, एकट्या बायका मागे. सकाळी सगळ्यांना वर डेकवर काढायचं, खाली झाडलोट आणि घासपूस. गळ्यात किंवा दंडाला पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर. जेवण दोन वेळ, डेकवरच्या सामाईक चुलाण्यावर शिजलेलं: भात, डाळ, थोडं तूप, मिरची-चिंच, सुकी मासळी. समुद्र खवळला की चूल पेटत नसे, मग चिवडायचे पोहे आणि गूळ-साखर. भांडारी कुठल्या जातीचा हे विचारायची सोय नव्हती. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जायचा, त्याच्या शेजारी दोन फुटांवर झोपायचं आणि एकाच कढईतलं खायचं. पहिल्या आठवड्यात कित्येकांनी अन्न सोडलं, काही समुद्र लागल्याने आणि काही ह्या धसक्याने. पुढे पोटाने सगळ्यांना समान केलं. जहाजावर जुळलेली नाती 'जहाजी भाई' म्हणून जन्मभर टिकली, पुढच्या पिढ्यांत तर सोयरिकीला अडचण यावी इतकी सख्ख्यासारखी. संध्याकाळी ढोलकी वाजवायला, गायला, कुस्ती खेळायला परवानगी असे. किंबहुना जहाजावरचा डॉक्टर त्याला उत्तेजन देई, कारण मन खचलेला माणूस लवकर मरतो हे त्याला ठाऊक होतं.

डॉक्टरला एवढी काळजी का? वेस्ट इंडीजच्या जहाजांवर डॉक्टरला बक्षिसी मिळे ती जिवंत उतरवलेल्या डोक्यागणिक. आपण ज्याला केपीआय म्हणतो ना, तोच. हसू नका, त्याचा उपयोग झाला. कारण त्याआधी काय चालायचं ते बघा. १८५६ साली जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी निघाली. मॉरिशसने त्या माणसांना बंदरात घेतलंच नाही. मुख्य बेटाच्या उत्तरेला गॅब्रिएल नावाचा एक उजाड खडक आहे, तिथे उतरवून ठेवलं. ना धड निवारा, ना पाणी. शेकडो माणसं तिथेच मेली, आणि हिंदुस्थान सरकारला काही काळ मॉरिशसची वाहतूकच थांबवावी लागली. १८५६-५७ च्या हंगामात कलकत्त्याहून वेस्ट इंडीजला गेलेल्या जहाजांवर शंभरातली सतराच्या आसपास माणसं वाटेत गेली. प्रेताला गोणपाट आणि वजन. ना लाकूड, ना मूठमाती.

आणखी एक. १८८२ साली कलकत्त्याहून फिजीला मजूर घेऊन गेलेल्या जहाजांची नावं काय होती माहितीये? 'बरार' आणि 'पूना'. म्हणजे मी जिथे जन्मलो त्याच्या नदीपलीकडचा वऱ्हाड, आणि मी जिथे नोकरी करतो ते पुणं! दोन वर्षांनी, ११ मे १८८४ ला, 'सीरिया' नावाचं जहाज फिजीच्या किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर आदळून फुटलं. त्यातले ५६ मजूर बुडाले. साडेसहा दशकं नाहीतर अख्खं शतक लोटलं तरी ही नावं आपल्या शाळेच्या पुस्तकात आली नाहीत. मी तरी बारावीपर्यंत ऐकली नव्हती.

आता कोणी म्हणेल, समुद्रप्रवासाचं शाळेत अगदीच काही नव्हतं असं नाही, आनंदीबाई जोशी होत्या की. होत्या. आणि त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, गैरसमज नको. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा, सोबतीला ओळखीच्या मिशनरी बायका, नवरा मागे. त्याच महिन्यात मुंबईहून पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. दोघींनी धर्म, जात, समाज सगळ्यांच्या शिव्या झेलल्या. पण दोघींच्या हातात लेखणी होती. रमाबाईंचं प्रवासाचं पत्र छापून निघालं, आनंदीबाईंच्या पत्रांवरून काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिलं. म्हणून त्यांना बोटीवर काय वाटलं ते आपल्याला आज कळतं.

त्याच कलकत्त्याच्या बंदरातून, त्याच वर्षी, गिरमिटियांची जहाजं सुटत होती. त्यांच्याबद्दल आपल्याला काय कळतं? नंबर, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाजाचं नाव. कप्तानाची नोंदवही, डॉक्टरचा अहवाल, मेलेल्यांचा तक्ता. फिजीला १८९३ मध्ये गेलेले आणि १९१४ मध्ये परतलेले तोताराम सनाढ्य यांच्यासारख्या मोजक्यांनी स्वतःची कहाणी सांगितली, म्हणून थोडंफार आतून दिसतं. बाकी लाखो माणसांच्या दोन-दोन महिन्यांबद्दल दुसऱ्याने लिहिलेल्या एका ओळीवर भागवावं लागतं.

आणि ज्याला स्वतःचा शब्द लिहिता आला नाही, त्याचा शब्द उचलून आपण बिर्याणीसोबत खातो! आपल्या तक्रारीला मीठ-मसाला म्हणून. माझं भांडण आहे ते इथे.

पहिला आक्षेप मला माहीत आहे. "अरे, पण आपलंही शोषण होतंच की." होतं. मी नाही म्हणत नाही. माझ्या पहिल्या कंपनीने दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला होता, मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या होत्या, आणि मी सोडायचं म्हटल्यावर एचआरने तीन आठवडे फिरवलं. तेव्हाच ते 'गिरमिटिया' माझ्या डोक्यात आलं. शेवटी काय झालं? वडिलांनी पतसंस्थेतून पैसे काढले, मी बाँडची रक्कम भरली, मार्कशीट घेतल्या आणि पुढच्या सोमवारी दुसरीकडे चाळीस टक्के जास्त पगारावर रुजू झालो. वडिलांची रक्कम चार महिन्यांत फेडली. अन्याय होता का? होता. पण गिरमिट होतं का?

गिरमिटाचं खरं कलम पगाराचं नव्हतंच. काम सोडलं, कामाला नाही म्हटलं, परवानगीशिवाय मळ्याबाहेर पाय टाकला, तर तो फौजदारी गुन्हा होता. दिवाणी दावा नाही, दंड भरून सुटका नाही, तुरुंग! मॉरिशसमध्ये आणखी एक सोय होती. एक दिवस गैरहजर राहिलास तर त्या दिवसाची मजुरी नाहीच, वर आणखी एका दिवसाची कापायची. 'डबल कट' म्हणत त्याला. आजारी आहेस हे मळेवाल्याला पटलं नाही तरी तेच. म्हणजे पाच वर्षांच्या करारात माणूस महिन्याच्या शेवटी कधी कधी देणेकरीच निघायचा.

तुम्हाला मॅनेजर छळतो? छळतो असेल. ते छळणंच आहे, त्याला त्याच नावाने बोला, युनियन काढा, कोर्टात जा, मी येतो सोबत. पण त्याच्यासाठी उसना शब्द नको. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना 'कुली बॅरिस्टर' म्हणायचे ते हिणवायला. आपण तोच शब्द कौतुकाने छातीवर लावतो, कारण आपल्याला आतून पक्कं ठाऊक आहे की आपण ते नाही. ज्याला खरोखर कुली म्हणतात तो हा विनोद करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गोड असतो. "अरे पण बघ ना, मॉरिशसला गेलेल्यांचं सोनं झालं! मराठी माणसाने तिथे गणपती बसवला, झेंडा रोवला." खरंय, तिथला मराठी समाज टिकून आहे. कास्कावेल गावात १८९६ साली गणपती बसल्याचं ते सांगतात, गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, २०२३ मध्ये तर शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. आपले पुढारी जाऊन फोटो काढून येतात. मला त्या समाजाचा अभिमानच वाटतो. पण पणतूचं सोनं झालं म्हणून पणजोबाचं जहाज सोन्याचं होत नाही! ते सोनं त्यांनी जहाज असूनही केलं, जहाजामुळे नाही. हे गोडगोड भाषण ऐकलं की मला नेहमी वाटतं, आपण त्या माणसांना विचारायचं सोडून मळेवाल्याची बाजू घेतोय. तोही हेच म्हणायचा: बघा, इथे येऊन सुखी झाले.

बरं, न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. सगळे फसवून नेलेले नव्हते. दुष्काळ, सावकार, जातीचा जाच, विधवेचं जिणं ह्या सगळ्यांना पाठ दाखवून डोळे उघडे ठेवून गेलेलेही होते. मॉरिशसला गेलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश परत आले. परतलेल्यांतले काही सरदार म्हणून पुन्हा गेले आणि आपल्याच गावची माणसं भरती करून नेली. गावाकडची परिस्थिती इतकी वाईट होती की हे जहाजही बरं वाटावं. पण यातून जहाज निर्दोष ठरत नाही, गाव दोषी ठरतं.

आणि इथे मी किनवटवर येतो.

किनवट कुठे आहे हे पुण्यात दहापैकी आठ जणांना समजावून सांगावं लागतं. नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, पैनगंगेच्या काठी. नदीपलीकडे विदर्भ, दुसऱ्या अंगाला तेलंगणा. १९५६पर्यंत आम्ही आदिलाबाद जिल्ह्यात होतो. सागाचं जंगल, गोंड-कोलामांची गावं, बंजाऱ्यांचे तांडे. चारशे किलोमीटरच्या आत कुठल्याही दिशेला समुद्र नाही. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इंटरव्ह्यूला मुंबईला गेलो तेव्हा. त्यामुळे जहाज ही आम्हाला दुसऱ्यांची गोष्ट वाटते. चूक. आमच्याकडे जहाज आहे. त्याला चाकं असतात, आणि ते दसरा-दिवाळीच्या सुमारास रात्री निघतं.

वर तुम्हाला काही गोष्टी लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या. आता एकेक काढू.

तिथे सहा महिन्यांचा आगाऊ पगार. इथे उचल. पावसाळ्यात घरात दाणे नसतात, पोरीचं लग्न असतं, दवाखाना असतो, तेव्हा मुकादम पैसे देतो. ते हंगामभर कोयत्याने फेडायचे. फिटले नाहीत तर पुढच्या हंगामाला.

तिथे सरदार. इथे मुकादम. दोघेही आपल्यातलेच, दोघांनाही वरून कमिशन.

तिथे मूल अर्धा माणूस. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसांचं मोजमाप एका हत्यारात! एकटा असेल तर अर्धा कोयता. मूल तर हिशोबातच नाही. ते वाढं गोळा करतं, मोळ्या उचलतं, धाकट्याला सांभाळतं.

तिथे बारा चौरस फूट. इथे ट्रकमध्ये भांडी, शेळी, पत्रे, म्हातारी आणि पोरं. उतरल्यावर फडाजवळ कोपी, वाकून आत शिरायची.

तिथे डबल कट. इथे खाडा. एक दिवस कामावर नाही तर मजुरी नाही, वर दंड. ह्या खाड्याच्या धाकाचं टोक काय असतं ते बीड जिल्ह्यात दिसलं. पाळीच्या दिवसांत खाडे पडू नयेत, दुखणं नको म्हणून ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून टाकल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. सरकारच्या समितीपुढे आलेला आकडा असा: पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. आकडा परत वाचा. सहातली एक.

आणि पीक? तिथेही ऊस, इथेही ऊस. १८३४ पासून आजपर्यंत माणसाला घरातून उचलून नेणारी गोष्ट तीच, आपल्या चहातली साखर.

कायद्याने म्हणाल तर १९७६चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात श्रम बांधून घेणं त्यात बसतं. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, ओळखपत्रांची, वसतिगृहांची योजना आहे. कागदावर बारा चौरस फूटही होतेच की!

पण मला सगळ्यात जास्त लागली ती एक वेगळीच गोष्ट. मॉरिशसमधल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची दप्तरं जपून ठेवली आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, जहाज. १८६०च्या दशकापासून पुढे तर कित्येकांचे फोटोसुद्धा. आज तिथला पणतू जाऊन आपला पणजोबा कुठल्या जहाजाने आला ते काढू शकतो. लुटारू सरकार, पण यादी ठेवली. स्वतःच्या हिशोबासाठी ठेवली असेल, पण ठेवली. आणि ह्या वर्षी आमच्या तांड्यावरून निघालेल्या ट्रकची यादी? मुकादमाच्या खिशातल्या डायरीत. नाव आणि रक्कम. बायकांची नावं नाहीत, पोरांची तर नाहीतच. वाटेत काही झालं, तर माझ्या दोस्ताची धाकटी त्या ट्रकमध्ये होती हे सिद्ध करायला एक कागद नाही. शाळेच्या हजेरीपटावर मात्र थोरलीचं नाव आहे, पोरगी नाही.

रविवारी संध्याकाळी दोस्ताला फोन लावला. दोन-तीनदा लागला नाही, मग लागला. कोपीत लाइट नाही, फोन चार्जिंगला टपरीवर ठेवतो म्हणाला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग त्यानेच विचारलं,

"तुमच्यात उचल भेटते का रे?"

"भेटते ना. जॉइनिंग बोनस म्हणतात."

"मग नाही टिकला माणूस तर?"

"परत द्यायचा."

"परत द्यायचा, बस?"

"बस."

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं हाय बे तुमचं." ह्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

४ मार्च १९१२ ला आपल्या पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात गिरमिट पद्धत पूर्ण बंद करा असा ठराव मांडला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की ज्या करारात एका बाजूला अटीच कळत नाहीत आणि मोडला तर तुरुंग आहे, तो करारच नव्हे. हिंदी सदस्य बाजूने उभे राहिले, सरकारी बहुमताने ठराव पाडला. पण पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, भरती थांबवावीच लागली. गोखले तोवर गेले होते. मला यात आवडतं ते असं की गोखल्यांनी 'आपण सगळे कुलीच आहोत' असं म्हणून टाळ्या घेतल्या नाहीत. ते कुली नव्हते हे त्यांना माहीत होतं. कोण आहे हे माहीत होतं, आणि त्याच्यासाठी आपली खुर्ची वापरायची हेही.

आपल्याकडे कायदेमंडळातली खुर्ची नाही. पण एक्सेल तर आहे!

तर मी काय करणार ते सांगतो, उपदेश नको. हंगाम संपून लोक परतले की मी आठ दिवस रजा टाकून गावी जाणार आहे. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या सरांशी बोलणं झालंय. पुढच्या पोळ्याच्या आधी तांड्यावरची यादी करायची: कोण जाणार, बायकोचं नाव, पोरांची नावं आणि वयं, मुकादम कोण, कारखाना कुठला, उचल किती, ट्रकचा नंबर. तीन प्रती. एक सरांकडे, एक ग्रामसेवकाकडे, एक घरातल्या म्हातारीच्या ट्रंकेत. यामुळे उचल बंद होणार नाही, खाडा बंद होणार नाही, हे मला कळतं. पण निदान १८३४च्या जहाजाइतकी नोंद तरी २१व्या शतकातल्या ट्रकची असावी, एवढी साधी अपेक्षा. सर म्हणाले, मुकादम चिडतील. चिडू देत.

तुमच्यापैकी ज्यांची गावं बीड, लातूर, परभणी, जालना, नांदेडकडची आहेत, त्यांना एकच विनंती. दिवाळीला घरी जाता तेव्हा रात्री गावाबाहेर उभे असलेले ट्रक दिसतात ना, त्यांच्याकडे एकदा थांबून बघा. आत कोण बसलंय ते विचारा. कदाचित तुमच्या वर्गातलं कोणी असेल.

आणि पुढच्या टीम लंचला कोणी ते सायबर कुलीचं वाक्य टाकलंच, तर ते माझं आहे आणि मी ते परत घेतलंय, असं सांगा.

असो. सोमवारी सकाळी नऊला स्टँडअप आहे. फरशीवरचा खडू अजून पुसलेला नाही. बायको म्हणते पूस, मी म्हटलं राहू दे दोन दिवस.